लस घरच्यांनीही घ्यावी

वासुकी आमच्या शाळेत गणित शिकवायची आणि तिचं वजन एकशे एकोणीस किलो होतं. गावाला यातली दुसरी गोष्टच ठाऊक होती.

तंजावरात बृहदीश्वराच्या देवळाला आम्ही सगळे पेरिय कोविल म्हणतो, म्हणजे मोठं देऊळ. नववीच्या मुलींनी तेच नाव वासुकीला ठेवलं होतं. ती व्हरांड्याच्या टोकाला दिसली की खिडकीतली मुलगी मान आत घेऊन सांगायची, "पेरिय कोविल आलं," आणि वर्ग उभा राहायचा. स्टाफरूममध्येही ते नाव चालायचं. मी विज्ञान शिकवायचे. वयाने तिच्याहून चौदा वर्षांनी मोठी, तिच्याच समाजातली, तिच्या घरी हळदीकुंकवाला जाणारी. तरी मीही ते नाव वापरलं आहे. एकदा ती दाराशी आली आहे हे मला कळलंच नाही. ती आत आली, डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हिरा मिस, कळस राहिला की. आज केस वर बांधले नाहीत." आम्ही सगळ्या हसलो. सगळ्यांत मोठ्याने ती.

हे मी देवनागरीत लिहिते आहे याचं कारण सांगून टाकते. आमच्या तंजावरच्या मराठी घरांतून मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारं आता कोणी उरलं नाही. मी लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून मला येते. म्हणजे यात ज्यांची नावं आहेत त्यांच्यापैकी कोणी हे वाचणार नाही. तमिळमध्ये लिहायचं धाडस मला झालं नसतं.

गणितात वासुकी हुशार होती, हे कोणी नाकारत नसे. शिकवायची तमिळमधून, पण फळ्यावर आकडेमोड करताना ओठांत मराठी चालायची. वडिलांनी पाठ करून घेतलेली पावकी-दिडकी. वडील सीतारामराव निबंधक कार्यालयात कारकून होते. ते असेपर्यंत घरात तिच्या वजनाचा विषय निघत नसे. ते गेले तेव्हा ती तेवीस वर्षांची होती, आणि त्यानंतर घरात दुसरा विषय निघाला नाही.

सहा वेळा तिला दाखवली. शेवटची मंडळी कुंभकोणमहून आली होती. मुलाच्या आईने कॉफीचा पेला खाली ठेवला आणि वेंकूबाईंना, म्हणजे वासुकीच्या आईला म्हणाली, "हिच्यात दोन मुली आहेत हो. आमचा मुलगा एकच."

पाहुण्यांना वाईट दिसू नये म्हणून वेंकूबाई हसल्या. वासुकी आतल्या खोलीत पातळ बदलत होती. या प्रसंगाबद्दल ती माझ्याशी एकदाच बोलली, आणि त्या बाईला तिने दोष दिला नाही. "आई हसलेली ऐकू आली," एवढंच म्हणाली.

मेडिकल कॉलेज रोडला लागून एका गल्लीत त्यांचं घर. थोरला भाऊ सूर्यनारायण विमा कचेरीत होता. त्याची बायको हरिप्रिया. त्यांची एकुलती मुलगी साईप्रिया कोइंबतूरला वसतिगृहात राहून शिकत होती. वेंकूबाईंचं वय सत्त्याहत्तर. सोवळं कडक. बाहेरचं पाणीसुद्धा चालत नसे. त्यांचा स्वयंपाक वीस वर्षं वासुकी करत होती. पहाटे न्हाऊन, चुलाण्याचा कट्टा धरून उभी राहून, गुडघे दुखत असताना. हरिप्रियाला ते सोवळं जमत नाही असं सगळ्यांनी केव्हाच मान्य केलं होतं.

त्या वर्षी जूनमध्ये मोठ्या बाईंनी दहावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर नेला. वासुकीने वर्ग खाली ठेवण्याची विनंती केली. "रोज चढलात तर तुमचंच भलं होईल," मोठ्या बाई म्हणाल्या. मग ती रोज चढायची. मधल्या वळणावर कठडा धरून थांबायची, आणि मागे चाळीस मुली थांबायच्या. त्यांतल्या एकीने मोबाइलवर चित्रीकरण केलं. देवाचा रथ ओढताना वाजवतात तसं नागस्वर त्याला जोडलं. रथ अडला की लोक ओढण्यासाठी आरोळी देतात, तीही जोडली. आठवड्याभरात तो व्हिडिओ समाजाच्या ग्रुपवर आला.

सूर्यनारायणने तो तिला जेवताना दाखवला. "बघ," म्हणाला. "आपलं नाव कोठवर गेलं ते बघ."

तिने तो शेवटपर्यंत पाहिला आणि उठून हात धुतला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने मला विचारलं, "हिरा मिस, पोट कापून लहान करतात ना, ते इथे कोण करतं?"

डॉक्टर भरद्वाज तिरुच्चीच्या रस्त्यावरच्या एका खासगी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया करत. तिच्याबरोबर मी गेले होते. ते तिला हसले नाहीत, त्यांनी दटावलंही नाही. साखर पाहिली, गुडघ्यांचे फोटो पाहिले, झोपेत श्वास अडतो का ते विचारलं. पोटाचा मोठा भाग काढून टाकायचा, केळ्याएवढी नळी ठेवायची, असं कागदावर काढून दाखवलं. तारीख ठरली एकोणीस डिसेंबर, म्हणजे सहामाहीची सुट्टी लागून मिळेल. मग त्यांनी एक यादी दिली. आधीचे पंधरा दिवस फक्त पातळ पदार्थ. अमुक गोळ्या बंद. आणि फ्लूची लस.

"ती कशाला?" वासुकीने विचारलं.

"एवढ्या वजनाच्या माणसाला फ्लू वाईट होतो," ते म्हणाले. "नोव्हेंबरात पाऊस संपता संपता आपल्याकडे वॉर्ड भरतात. लस निदान दोन आठवडे आधी घ्या, अंगात ताकद यायला तेवढे दिवस लागतात. सुईने एखाद दिवस कणकण आली तर तीही आधीच येऊन जाईल. ऑपरेशननंतर ताप आला की आतला टाका उसवला की काय, अशी आमची धावपळ होते."

लिहिता लिहिता ते थांबले. "घरात कोण कोण असतं?"

तिने सांगितलं.

"मग लस घरच्यांनीही घ्यावी. आईंनी तर नक्की. तुमच्यासाठी म्हणून नव्हे, त्यांच्या वयासाठी."

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही लस घ्यायला गेलो. खोलीत दोन मुलं रडत होती म्हणून शेषम्मा नावाच्या नर्सने वासुकीला व्हरांड्यातल्या स्टुलावर बसवलं. बाकावर दहा-बारा माणसं बसली होती. शेषम्माने दंड दोन बोटांत धरून पाहिला, पुन्हा धरून पाहिला, आणि आतल्या मुलीला ओरडून सांगितलं, "ही सुई नको गं! मोठी आण. ही चरबीतच राहील, मांसापर्यंत पोचायची नाही."

बाकावरचे हसले. एक म्हातारा आपल्या बायकोला म्हणाला, "नारळ सोलायची पहार आणतील." शेषम्माही हसली. तिचं म्हणणं खरंच होतं. जाड दंडाला लांब सुई लागते, मला ठाऊक होतं. ते हळू आवाजात सांगता आलं असतं, एवढंच.

टोचून झाल्यावर शेषम्माने मला विचारलं, "तुम्हाला हवी का अम्मा?"

"नको," मी म्हणाले.

मला दमा आहे. मी सहा वर्षं दर ऑक्टोबरात ही लस घेते. तिरुच्चीला मुलाकडे जाऊन घेते, कारण तंजावरात घेतली तर कोणी ना कोणी विचारणार आणि मी काय घेते ते चार घरांत कळणार. त्या वर्षीचीही घेऊन झाली होती. वासुकीला मी हे सांगितलं नाही. तेव्हा सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

त्या रात्री जेवताना तिने घरी विषय काढला. पुढचं मला तिच्याकडून कळलं. रविवारी सगळ्यांनी यावं, तिने वेळ घेऊन ठेवली आहे, असं ती म्हणाली. सूर्यनारायण म्हणाला, "चिरून घ्यायची हौस तुला. सुया आम्ही टोचून घ्यायच्या?" हरिप्रिया म्हणाली, "आम्ही खाल्लं नाही, आम्ही फुगलो नाही, आम्हाला कशाला औषध?"

वेंकूबाई मात्र म्हणाल्या, "डॉक्टर सांगितला म्हणतेस तर घेते की. एक सुई ना?"

शनिवारी संध्याकाळी हरिप्रिया मला पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळात भेटली. प्रदक्षिणा अर्ध्यावर सोडून माझ्याकडे आली.

"हिरा मिस, तुम्ही सायन्सच्या. ती फ्लूची सुई कशातून करतात हो? मोबाइलवर काही वाचलं."

मला विचारलं गेलं याचा मला आनंद झाला. शिक्षकाचा असतो तसा. "विषाणू वाढवतात, मग मारून शुद्ध करतात," मी म्हणाले.

"वाढवतात कशात?"

"अंड्यात. बहुतेक लशी अंड्यातच."

"कोंबडीच्या?"

"होय, कोंबडीच्या."

तिने देवाकडे पाहून दोन्ही गालांवर हळूच चापट्या मारून घेतल्या आणि निघाली. मी तिला थांबवू शकले असते. शेवटी सुईत अंड्याचा नावापुरता अंश उरतो, हे सांगू शकले असते. आणि मी स्वतः घेते, हे एक वाक्य सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. वेंकूबाई मला मानायच्या. "हिराबाई करते तें बघून करा," असं त्यांच्या सुनेला सांगायच्या. म्हणूनच मी बोलले नाही. माझ्या दंडात काय गेलं आहे ते वेंकूबाईंच्या घरी कळलं असतं, आणि दसऱ्याला मला देवघराच्या बाहेर बसवलं असतं.

हरिप्रियाने घरी जाऊन सासूला सांगितलं. सुईत अंडं असतं, सायन्सवाल्या हिराबाईंनीच सांगितलं. आणि वासूने ती आधीच टोचून घेतली आहे, चार दिवस झाले. तेव्हापासून तुम्ही तिच्या हातचं जेवताहात.

वेंकूबाई तशाच उठल्या आणि विहिरीच्या पाण्याने डोक्यावरून न्हाल्या. वासुकी शाळेच्या वह्या तपासत होती. आई ओल्या लुगड्याने तिच्यासमोर उभी राहिली.

"तूं घेतलीस?"

"आई, ती सुई आहे. मी काही खाल्लं नाही."

"तोंडातून गेलं काय, दंडातून गेलं काय. अंगात गेलं की नाही? चार दिवस मज तसल्या हातानें वाढलीस."

"आई, डॉक्टर म्हणाले तुझ्या वयाला..."

"माझं वय मज ठाऊक. चरबी काढण्यास्तव अंडं घातलीस अंगात. तुझा बाप असता तर मरता."

त्या रात्री चुलीजवळची भांडी चिंचेने घासून काढली गेली. दुसऱ्या दिवसापासून वेंकूबाईंचा स्वयंपाक हरिप्रिया करू लागली. जे वीस वर्षं जमलं नव्हतं ते एका रात्रीत जमलं. वासुकीला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येण्याची बंदी झाली. तिने आईला पाण्याचा तांब्या दिला, तर आईने तो सांडून पुन्हा भरून घेतला. रविवारची वेळ गेली.

सोमवारी ती मला म्हणाली, "मिस, तुम्ही सांगितलंत?"

"तिने विचारलं. मी खरं तेच सांगितलं."

"माझ्या घरी याल का? आईला उरलेलं सांगाल? तुमचं ऐकेल ती."

"पेपर तपासायचे आहेत गं," मी म्हणाले. "या आठवड्यात नाही जमायचं."

तिने पुन्हा विचारलं नाही. डिसेंबर लागला आणि तिचे पातळ पदार्थांचे दिवस सुरू झाले. स्वयंपाकघर बंद म्हणून ती आपल्या खोलीत विजेच्या किटलीवर पाणी तापवायची आणि पावडर ढवळून प्यायची. बाहेर हरिप्रिया रोज काहीतरी तळत असे. "मुद्दाम करते असं मला वाटत नाही," वासुकी म्हणायची. मला वाटायचं.

शस्त्रक्रिया नीट झाली. त्या दिवशी सूर्यनारायण सही करायला आला आणि कचेरीत निघून गेला. रात्री तिच्याजवळ पैसे देऊन ठेवलेली एक बाई होती. मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा वासुकी औषधाच्या चिमुकल्या कपातून घोट घोट पाणी पीत होती. पंधरा मिनिटांनी एक कप. "आईने फोन केला का?" असं तिने विचारलं. मला कसं ठाऊक असणार? मी "करतील," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं. निघताना डॉक्टरांनी पुन्हा बजावलं, कोणाला खोकला-ताप असेल तर त्याला खोलीत येऊ देऊ नका.

घरी साईप्रिया आली होती, वसतिगृहातून सुट्टीसाठी, आदल्या रात्रीच्या बसने. तिच्या मजल्यावरच्या अर्ध्या मुली तापाने झोपल्या होत्या. तीही तापातच आली. हरिप्रियाने हे वासुकीला सांगितलं नाही. पोर आजीच्या पलंगावर एकाच पांघरुणात पडून मोबाइल बघत होती, आणि वासुकीला आपल्या खोलीत खोकला ऐकू येत होता.

भिंत धरत धरत ती दारापर्यंत गेली. "वैनी, साईला ताप आहे का? तिला मास्क तरी बांधू दे. आईजवळ नको निजवू तिला."

"स्वतःच्या घरात मुलीने तोंड बांधून बसावं?" हरिप्रिया म्हणाली. "तुला एवढी भीती तर रुग्णालयातच राहायचं होतंस."

"माझं नको, आईसाठी सांगते. आई, तू तरी तिकडे हो."

वेंकूबाईंनी नातीचं डोकं कुरवाळलं. त्या दिवसांत त्या मुलीशी थेट बोलत नसत. हरिप्रियाकडे बघून म्हणाल्या, "लेकराचा ताप मज लागत नाहीं म्हणून सांग तिज."

आठवड्याने वासुकीला ताप आला, शंभरच्या थोडा वर. डॉक्टरांनी ताबडतोब बोलावून घेतलं. टाका उसवला का ते पाहायला औषध पाजून फोटो काढले. टाका शाबूत होता. मग नाकातला नमुना तपासला तर फ्लू निघाला. तिला गोळ्या सुरू केल्या आणि दोन दिवसांत ताप उतरला. "लस घेतली तरी होतो कधी कधी," डॉक्टर म्हणाले, "पण बघा, हलका गेला. घरात आणखी कोणाला आहे?"

तिने तिथूनच भावाला फोन केला. आईला कालपासून ताप आहे असं कळलं.

"अण्णा, आत्ता घेऊन ये. दोन दिवसांच्या आत गोळी सुरू केली तर लागू पडते असं डॉक्टर म्हणतात. मी इथेच थांबते."

"सुंठ-मिऱ्याचा काढा दिलाय," सूर्यनारायण म्हणाला. "त्या डॉक्टरची सवय तुला लागली, आम्हाला लावू नकोस."

चौथ्या दिवशी आणलं तेव्हा वेंकूबाईंचे ओठ निळे पडले होते. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया झाला होता.

वॉर्डात वासुकी रोज बसायची. पोटावर पाच ठिकाणी टाके, दिवसाला पेलाभर डाळीचं पाणी पोटात, तरी सकाळी आठ ते रात्री आठ. मी दोनदा गेले. दुसऱ्या खेपेला जे पाहिलं ते सांगते. वेंकूबाईंचा ऑक्सिजनचा मास्क नर्सने जरा सरकवला होता, चमचाभर पाणी द्यायला. वासुकीने चमचा पुढे केला. म्हातारीने डोळे उघडले, मुलीला ओळखलं आणि ओठ मिटले. घट्ट. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं.

"आई, थोडं पी. मी हात धुतलेत."

ओठ उघडले नाहीत. इतक्यात हरिप्रिया आली. तिने वासुकीच्या हातातून चमचा काढून घेतला, आणि वेंकूबाईंनी पाखराच्या पिल्लासारखं तोंड उघडलं.

वासुकी बाजूला सरली. भिंतीला टेकून सासू-सुनेकडे बघत उभी राहिली. मी तिचा हात धरायला गेले, तर तिने तो पदराखाली घेतला.

आठव्या दिवशी पहाटे वेंकूबाई गेल्या. शेवटच्या आठवड्यात त्या वासुकीशी एक शब्द बोलल्या नाहीत. शुद्ध होती तोवर बोलल्या नाहीत, आणि मग शुद्ध राहिली नाही.

तेराव्याला समाजातली सगळी घरं आली. हरिप्रिया आल्यागेल्याला सांगत होती, "ही ऑपरेशनला गेली नि तिकडून रोग घेऊन आली. पहिला ताप हिलाच आला की नाही, डॉक्टरलाच विचारा. ही बरी होऊन बसली, आणि आमची सोन्यासारखी म्हातारी गेली." साईप्रिया शेजारी उभी होती. तिला अजून खोकल्याची ढास येत होती. ती मान खाली घालून पानावर मीठ वाढत गेली.

वासुकीला पानावर बसवलं. तिला तेव्हा घोटलेला भात दोन चमचे, यापलीकडे काही चालत नव्हतं. पिठलं, वडे, पायसम, सगळं पानावर आलं आणि सगळं तसंच राहिलं. माझ्या शेजारची बाई पुरेशा मोठ्याने म्हणाली, "आईच्या तेराव्यालासुद्धा डाएट. आयुष्यभर खाल्लं, आज अन्न वर्ज्य."

खोकला आधी कोणाला होता ते मला ठाऊक होतं. लस कोणी थांबवली तेही ठाऊक होतं. मी पायसम प्यायले. गोड बरं झालं आहे असं हरिप्रियाला म्हणालेही.

मग मला झोप येईना. पंधरा दिवसांनी शाळा सुटल्यावर मी वासुकीला प्रयोगशाळेत बोलावलं आणि सांगितलं. देवळात काय बोलले, काय बोलले नाही. मी सहा वर्षं लस घेते आहे. त्या वर्षीचीही घेतली होती.

ती स्टुलावर बसून ऐकत होती. वीसेक किलो तेव्हाच उतरले होते; गालांची कातडी सैल लोंबत होती.

"सहा वर्षं?" तिने विचारलं.

"होय."

"आणि दसऱ्याला तुम्ही आमच्या देवघरात आरती करत होतात."

"होय."

"मोठ्याने हसले ते लोक मला चालतात मिस," ती म्हणाली. "त्यांचं तोंड दिसतं." मग पिशवी उचलून जायला निघाली. मी मागून म्हणाले, वासुकी, मला क्षमा कर, माझं वय बघ. ती दारात थांबली.

"तुमच्या वयाला लस मिळाली," ती म्हणाली. "माझ्या आईच्या वयाला तुम्ही अंडं दिलंत. क्षमा कसली मागता?"

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. स्टाफरूममध्ये तिने खुर्ची पाठमोरी करून घेतली.

वर्षभरात तिचं वजन त्र्याहत्तरवर आलं. साखरेच्या गोळ्या सुटल्या, गुडघे दुखायचे थांबले. गाव तिला चांगलं म्हणू लागलं का? तेही नाही. आईच्या चितेवर बारीक झाली, असं आमच्यातल्याच एकीने म्हटलं, आणि ते वाक्य फिरलं. घरात तिचं स्वयंपाकघर बंद ते बंदच राहिलं. आता विटाळ मानणारी म्हातारी नव्हती, तरी हरिप्रियाने कुलूप काढलं नाही. वर्षश्राद्धाची तारीख वासुकीला कोणी सांगितली नाही. भटजींकडून कळली तेव्हा ती गेली, तर सूर्यनारायणने दारातच सांगितलं, "ब्राह्मण बसलेत. तू नंतर ये."

मेमध्ये तिने आमच्याच संस्थेच्या ओरत्तनाडूच्या शाळेत बदली मागून घेतली. तिथे मुक्तांबाळ छत्राच्या, म्हणजे जुन्या धर्मशाळेच्या, मागे एका वरच्या मजल्यावर खोली घेतली आहे म्हणे. वीस पायऱ्या, आणि ती न थांबता चढते. नव्या शाळेतल्या मुलींना तिचं जुनं नाव ठाऊक नाही. तिथली माणसं म्हणतात, गणिताच्या मिस कडक आहेत, कोणात मिसळत नाहीत, कोणाकडे पाणीसुद्धा पीत नाहीत.

गेल्या ऑगस्टमध्ये ती मला जुन्या बसस्टँडवर दिसली. अंगावर साधी सुती साडी, बारीक मनगट, हातात वह्यांची पिशवी. मी आधी ओळखलंच नाही. ओरत्तनाडूची बस लागली, ती पुढच्या दाराने चढली आणि माझ्या बाजूच्या खिडकीत बसली. मी खिडकीखाली जाऊन तिला नावाने हाक मारली. तिने माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं. मग उठून पलीकडच्या बाजूच्या बाकावर जाऊन बसली. कंडक्टरने शिटी दिली आणि बस हलली.